दुपारचे अडीच तास आणि सासूबाईंची मशीन

पत्र : मी बार्शीत राहते. मुलं शाळेत गेली आणि घरातलं आवरलं की दुपारी दोन ते साडेचार माझा वेळ मोकळा असतो. यजमान दुकानात नोकरीला आहेत. पगार घरखर्चात संपतो, मागे काही उरत नाही. महिन्याला दोन हजार जरी माझे स्वतःचे मिळाले तरी खूप होईल. घरात सासूबाईंची काळी पायमशीन आहे, पण ती कित्येक वर्षं झाकून ठेवलेली. शिवणाचा क्लास मी अर्धवट केला. सरळ शिलाई येते, ब्लाउज जमत नाही. व्हॉट्सॲपवर पेन्सिल पॅकिंगचं काम आलंय, त्याला आधी 1,850 रुपये भरायचे आहेत. मैत्रीण म्हणते, दिवाळीत फराळ विकू. शेजारणीची भिशी आहे, तीत नाव घालू का? आणि जाऊबाई म्हणतात, सरळ साडीच्या कडा शिवायची पिको मशीन घे. यातलं नेमकं काय करू?
— एक वाचक

उत्तर :

ताई, पेन्सिलचे पैसे भरू नका आणि तो नंबर आजच ब्लॉक करा. पेन्सिली कारखान्यातच खोक्यात भरून बाहेर पडतात. त्या पोत्याने बार्शीला पाठवायच्या, तुम्ही दहा-दहा भरायच्या आणि पुन्हा परत पाठवायच्या, यात भाडंच मालापेक्षा महाग पडेल. ही मंडळी आधी नोंदणीचे पैसे मागतात, मग ओळखपत्राचे, मग कुरिअरचे. शेवटी ‘करार मोडलात, कोर्टाची नोटीस येईल’ अशी धमकी येते. त्या धमकीला घाबरून आणखी पैसे भरणाऱ्या बायका कमी नाहीत. तुमच्या ओळखीत कुणी आधीच भरले असतील तर त्यांना लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करायला सांगा. फोन जितका लवकर जाईल तितकी रक्कम मधेच अडवली जाण्याची शक्यता जास्त. ‘तुमचं बँक खातं वापरायला द्या, घरबसल्या भाडं देतो’ असंही कुणी म्हणेल. त्यात तर मुळीच पडू नका. त्या खात्यातून चोरीचा पैसा फिरला की पहिली चौकशी खातेदाराची होते.

फराळाचं पहिल्या वर्षी नको. तळणीच्या पदार्थात आधी तेल, तूप, डाळी आणि गॅस यांत पैसे घालावे लागतात आणि सगळी विक्री आठ-दहा दिवसांत उरकावी लागते. पाच किलो चकली मऊ पडली तर सगळा नफा तिथेच गेला. शिवाय खाण्याचा पदार्थ विकायचा तर अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी लागते. छोट्या घरगुती कामाला तिचं शुल्क वर्षाला 100 रुपये आहे. म्हणजे अडचण पैशांची नाही, पण अंगणातल्या अंगणात विकतोय म्हणून नोंदणी टाळायची असंही करू नका. मैत्रिणीला दिवाळीत हाताखाली मदत करा, किलोमागे मजुरी ठरवून घ्या. भांडवल तिचं असू द्या.

तुमच्या हातात जे आहे त्यावरून आमचं मत साडीला फॉल लावण्याच्या बाजूने पडतं. ब्लाउज बिघडला तर कापड भरून द्यावं लागतं, फॉल चुकला तर उसवून पुन्हा लावता येतो. माल गिऱ्हाइकाचा असतो, तुमचे अडकतात ते फॉल आणि दोऱ्याचे पैसे. कामही तुकड्या-तुकड्यांनी होतं. दुपारी निम्मा फॉल लावून ठेवला आणि कुणी आलं तर काही बिघडत नाही.

आता हिशेब. बार्शीतला भाव दोन-तीन दुकानांत जाऊन विचारा; इथे समजण्यापुरते फॉलसकट 120 रुपये धरू. डझनाने घेतलेला सुती फॉल 25 रुपयांना पडला आणि दोरा, इस्त्रीची वीज मिळून 5 रुपये गेले, तर तुमच्या हातात 90 उरतात. सुरुवातीला एका साडीला दीड तास लागेल, म्हणजे तासाला 60 रुपये. हात बसला की पाऊण तासात साडी होते, मग तेच तासाला 120 होतात. महिन्याला 25 साड्या आल्या तर 2,250 रुपये. पण हा आकडा पहिल्या महिन्यात येत नाही. आधी घरच्या आणि नात्यातल्या पाच-सहा साड्या करा. त्या फुकट करू नका, निम्म्या भावात करा. नणंदेची साडी एकदा फुकट झाली की तिच्या जावेचीही फुकटच होते.

काम आपल्याकडे लाटेने येतं. गौरी-गणपती, नवरात्र, दिवाळी, मग तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई. संक्रांतीला काळ्या साड्या येतात. आषाढात आणि पितृपंधरवड्यात काम जवळजवळ थांबतं. नऊवारीला फॉल नसतो, त्यामुळे घरात नऊवारी नेसणाऱ्या म्हाताऱ्या किती आहेत यावर गल्लीतलं काम मोजू नका.

फॉल लावण्यात कौशल्य आहे ते तयारीत, आणि बहुतेक घोटाळे सुई हातात घेण्याआधीच झालेले असतात. बाजारात फॉल साधारण अडीच मीटर लांब आणि पाच इंच रुंद मिळतो. सुती फॉल धुतल्यावर आटतो. तो कोरा लावला तर पहिल्या धुण्यातच साडीची खालची किनार चुण्या पडून वर ओढली जाते, आणि बाई तुमच्याकडे पुन्हा येत नाही. म्हणून फॉल आणल्या आणल्या साध्या पाण्यात रात्रभर भिजत घाला, न पिळता सावलीत वाळवा आणि थोडा दमट असतानाच इस्त्री करा. लाल, मरून, काळा आणि गर्द हिरवा हे रंग सोडतात, म्हणून प्रत्येक रंग वेगळ्या भांड्यात भिजवा. पाणी रंगीत झालं तर पुन्हा भिजवा आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत थांबा. नेहमी लागणाऱ्या रंगांचे दोन-दोन फॉल असे तयार करून ठेवले की साडी आली त्या दिवशी हात मोकळे राहतात.

साडी घेताना ती उजेडात पूर्ण उलगडून गिऱ्हाइकासमोरच बघा. डाग, विरलेली जागा, तुटलेली जर असेल तर तिथल्या तिथे दाखवा आणि वहीत लिहा. साडी घरी नेल्यावर दिसलेला डाग तुमचाच समजला जातो. खुणेची चिठ्ठी लावायला लोखंडी टाचणी वापरू नका, पावसाळ्यात गंज उतरतो. चिठ्ठी दोऱ्याने टाचा.

खालची किनार कोणती हे ओळखताना नवशिक्या हमखास चुकतात. साडी सुलट बाजू वर करून जमिनीवर पसरा आणि पदर तुमच्या उजव्या हाताला येऊ द्या. आता जी किनार तुमच्याकडे आहे ती नेसल्यावर खाली येते. फॉल तिच्या उलट्या बाजूला लावायचा. दोन्ही काठ वेगवेगळ्या रुंदीचे असतील तर मोठा काठ बहुधा खाली असतो, पण छापील साडीत नक्षीचं तोंड कुठे आहे हेही एकदा बघा. शंका असेल तर साडी कमरेला गुंडाळून बघायला दोन मिनिटं लागतात. अख्खा फॉल उसवायला तास जातो.

पदराच्या विरुद्ध टोकाकडून, म्हणजे आधी खोचतो त्या टोकाकडून, एक वीत सोडून फॉल सुरू करा. अंगाने भरलेल्या बाईच्या निऱ्या थोड्या पुढे पडतात, तिच्यासाठी दीड वीत सोडा. हे साडी घेतानाच विचारून घ्यावं. फॉलची दोन्ही टोकं अर्धा इंच आत दुमडा. फॉलची खालची कड साडीच्या किनारीपेक्षा अगदी सुतभर वर ठेवा, बरोबरीला आणलात तर नेसल्यावर बाहेर डोकावतो. मग वीत-वीत अंतरावर कच्चे टाके घाला. फॉल ताणू नका. साडी आणि फॉल दोन्ही सपाट पडलेले हवेत, फॉल किंचित सैल राहिला तर चालतो. मांडीवर घेऊन किंवा खाटेवरून लोंबती ठेवून साडी शिवली की ती स्वतःच्या वजनाने खाली ओढली जाते आणि टाके संपल्यावर फॉलला पोक येतो. जमिनीवर चटई अंथरून बसणं सगळ्यांत बरं.

दोरा साडीच्या रंगाचा घ्या, फॉलच्या नव्हे, कारण सुलट बाजूने दिसतो तो साडीवर. काठ एका रंगाचा आणि अंग दुसऱ्या रंगाचं असेल तर खालच्या शिलाईला काठाचा रंग. वरच्या शिलाईला ती जिथे पडते त्या जागेचा रंग. एकेरी दोरा, बारीक सुई, हातभर लांबी. जास्त लांब घेतला की गुंतून गाठी पडतात. गाठ फॉलच्या घडीत लपवा. खालची कड जवळजवळ टाक्यांनी पक्की करा, कारण पायाचा अंगठा आणि जोडवी तिथेच अडकतात. वरच्या कडेला हेमिंग, म्हणजे हाताची बारीक शिलाई, करताना साडीचे एक-दोनच धागे उचला आणि दोरा ओढू नका. सुलट बाजूला रांगेने खळगे दिसत असतील तर दोरा घट्ट ओढला गेला आहे असं समजा. हेमिंगच्या या बारीकपणावरच गिऱ्हाईक परत येतं. भरजरी, पैठणी, इरकल किंवा रेशमी साडीला फॉल हातानेच लावा. रोजच्या सिंथेटिक साडीला खालची कड मशीनवर चालते, पण तिथेही टाका मोठा आणि ताण सैल ठेवा, नाहीतर कापड गोळा होतं. जरीवर इस्त्री फिरवायची तर मधे सुती कापड घाला आणि उष्णता कमी ठेवा.

सासूबाईंची मशीन विकू नका. खूप दिवस बंद पडलेली पायमशीन बहुतेक वेळा नुसती चिकटलेली असते, त्यातही कुणी खोबरेल सोडलं असेल तर जास्तच. खोबरेल किंवा खाण्याचं तेल वाळून गोंदासारखं घट्ट होतं. तेलाच्या भोकांत थेंब-थेंब रॉकेल घाला, चाक हाताने फिरवत राहा, काळं पाणी बाहेर येईल ते फडक्याने पुसा. मशीन मोकळी झाली की शिलाई मशीनचं तेल द्या, एका भोकाला एक-दोन थेंब पुरे, आणि चिंध्यांवर दहा मिनिटं चालवा म्हणजे जादा तेल निघून जाईल. आग लागणारं काम आहे, गॅसपासून लांब बसून करा. सुईखालच्या दात्यांवरची पट्टी उघडून आत साठलेला कापडाचा भुगा ब्रशने काढा. सुई नवीन घाला; साध्या सुती कापडाला 14 नंबरची, पातळ कापडाला 11. जुनी सुई काढण्याआधी तिची चपटी बाजू कुठल्या अंगाला आहे ते बघून ठेवा, उलट बसली तर टाके सुटत जातात. शिलाईच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे फासे पडत असतील तर वरचा दोरा सैल आहे किंवा ताणाच्या चकत्यांत नीट बसलेला नाही. वरच्या बाजूला फासे दिसले तर बॉबीन केस, म्हणजे खालच्या दोऱ्याची डबी, तपासा. पाय मारूनही चाक घसरत असेल तर चामडी पट्टा सैल झालाय, बोटाच्या रुंदीइतका कापून पुन्हा क्लिप लावा. एवढं करूनही मशीन जड चालली तरच मिस्त्रीला बोलवा.

मशीन सुरू झाली की साड्या नसलेल्या आठवड्यांत परकर, पँटची चेन बदलणं, गणवेशाची उंची कमी-जास्त करणं ही कामं घेता येतात. जूनमध्ये शाळा सुरू होताना या कामांना तोटा नसतो. परकराला साधारण दोन मीटर पॉपलीन लागतं. तेही कापण्याआधी भिजवून घ्या, कारण फॉलसारखं तेही आटतं.

उधारी कशी सांभाळायची हेही बघा. शंभर-दीडशे रुपये मागायला शेजारणीकडे जायची लाज वाटते आणि ते बुडतात. म्हणून फॉलचे पैसे साडी घेतानाच घ्यायचे, शिलाईचे साडी देताना. एका वहीत तारीख, नाव, साडीचा रंग, काम, ठरलेले पैसे, आगाऊ आणि द्यायची तारीख एवढे रकाने पुरे. दोन दिवसांत होणारं काम चार दिवसांनी देते म्हणून सांगा. घरात कुणी आजारी पडलं की ते दोन दिवस कामाला येतात.

आता आलेले पैसे कुठे ठेवायचे. घरखर्चाच्या डब्यात ठेवलेत तर पंधरा तारखेला गॅस संपला की तिकडेच जातील, त्यात तुमचा किंवा कुणाचाच दोष नाही. स्वतःच्या एकटीच्या नावाचं बचत खातं नसेल तर ते आधी उघडा. आठवड्यातून एकदा, समजा सोमवारी, वहीतल्या कमाईतून पुढच्या फॉल-दोऱ्याचे पैसे बाजूला काढा आणि उरलेल्यातला ठरलेला भाग खात्यात भरा. घरखर्चातून वाचवलेल्या पैशांचंही तसंच आहे. डाळ अर्धा तास भिजवून शिजवली, शिट्टी झाल्यावर आच बारीक केली, इस्त्री रोज न करता एकदाच सगळ्या कपड्यांची केली, तर गॅस-विजेत काही वाचतं हे खरं. पण सिलिंडर चार दिवस जास्त टिकला म्हणून खात्यात आपोआप काही जमत नाही. वाचलेली रक्कम अंदाजाने का होईना, बाजूला काढून भरावी लागते.

बचतीसाठी आम्ही पोस्टाची आवर्ती ठेव सुचवू. महिन्याला किमान 100 रुपये, मुदत 5 वर्षं. व्याजदर सरकार दर तिमाहीला ठरवतं, पण खातं उघडताना असलेला दर शेवटपर्यंत राहतो. 6.7 टक्के दराने 500 रुपयांच्या हप्त्याचे 5 वर्षांत 30,000 भरून 35,683 रुपये हातात येतात. हप्ता चुकला तर दर 100 रुपयांमागे महिन्याला 1 रुपया दंड. लागोपाठ चार चुकले तर खातं बंद धरतात. ते पुन्हा चालू करायला दोन महिने मिळतात. तुमची कमाई लाटेची आहे, म्हणून 2,000 चं एक खातं उघडू नका. 500 चं उघडा, वर्षभर निभलं तर दुसरं काढा. एका नावावर कितीही खाती चालतात. लग्नसराईत पैसे हातात असताना सहा हप्ते एकदम आगाऊ भरता येतात आणि त्यावर 100 रुपयांमागे 10 रुपये सूटही मिळते. आषाढ त्यात निघून जातो. खातं महिन्याच्या 16 तारखेला किंवा नंतर उघडलं तर पुढचे हप्ते महिनाअखेरपर्यंत चालतात, आधी उघडलं तर 15 तारखेपर्यंत भरावे लागतात. तीन वर्षांनंतर मोडता येतं, पण मग व्याज साध्या बचत खात्याच्या दराने मिळतं. अडचण आली तर मोडण्याऐवजी, बारा हप्ते झाल्यावर, जमलेल्या रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज काढा. घरी येऊन हप्ता नेणाऱ्या एजंट बाई असतील तर त्यांना वेगळं काही द्यायचं नसतं, त्यांचं कमिशन सरकार देतं. पासबुकावर नोंद झाली का ते मात्र दर महिन्याला स्वतः बघा.

भिशीत व्याज नसतं. बारा जणींनी हजार-हजार घातले तर पहिली चिठ्ठी लागलेल्या बाईला ते बिनव्याजी कर्ज असतं आणि शेवटच्या बाईच्या अंगावर सगळा धोका. मधेच कुणी गाव सोडलं तर शेवटच्या दोघी अडकतात. वर्षानुवर्षं एकमेकींच्या घरी जाणाऱ्या दहा-बारा जणींची, छोट्या रकमेची भिशी असेल आणि ती मोडली तरी चालेल एवढेच पैसे घालणार असाल तर घाला. लिलाव बोलून चालणाऱ्या भिशीत नाव घालू नका. त्याऐवजी वस्तीत बचत गट आहे का बघा. दर महिन्याला ठरलेली बचत, बँकेत गटाचं खातं, इतिवृत्ताची वही, गटातल्या गटात कर्ज. ज्या गटाची वही बैठकीत सगळ्यांसमोर वाचली जाते तिथेच जा. अध्यक्ष बाईंच्या पर्समध्ये राहणाऱ्या वहीच्या गटात नको.

राहिली जाऊबाईंची पिको मशीन. साडीमागे पिकोचे 30 रुपये मिळतात आणि गावातला पिकोवाला तुमच्याकडून 25 घेतो असं धरलं, तर आज तुम्हाला साडीमागे 5 सुटतात. स्वतःची मशीन असली तर ते 25 घरात राहतील. महिन्याला 30 साड्या झाल्या तर 750 रुपये. दहा-बारा हजारांची मशीन त्या वेगाने तेरा ते सोळा महिन्यांत फिटते. महिन्याला दहाच साड्या येत असतील तर साडेतीन-चार वर्षं लागतील, त्यात दुरुस्ती वेगळी. म्हणून वहीत लागोपाठ तीन महिने तीसचा आकडा दिसेपर्यंत थांबा, आणि तेव्हाही ती गटाच्या कर्जातून घ्या, दुकानाच्या हप्त्यांवर नको. तोवर पिकोवाल्याशी बोलून ठेवा. एकेक साडी नेण्याऐवजी दहा साड्या एकदम नेल्या की तो साडीमागे पाच रुपये तरी कमी करतो, आणि तुमच्या फेऱ्याही वाचतात.